कच्चा लाल

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला डाईंग मास्तर नमुने उजेडात ताडून बघायच्या पेटीसमोरच्या स्टुलावरून उठले, आणि त्यांच्या हातातल्या दोन्ही चिंध्यांचा रंग गेला. एक चिंधी गिऱ्हाइकानं पाठवलेली, दुसरी त्यांनी स्वतः रंगवून आणलेली, दोन्ही विटकरी. म्हणजे उठायच्या आधी विटकरी होत्या. उठल्यावर त्या कडेकडेनं करड्या होत गेल्या, मग पेटी करडी झाली, भिंतीवरचं कॅलेंडर करडं झालं आणि खालच्या यंत्रांचा आवाज कुणी दार लोटून घ्यावं तसा लांब गेला. मास्तरांनी पेटीची कड धरली. ते पडले नाहीत. पडण्यासारखं काही आपल्या हातून होईल असं त्यांना एकतीस वर्षांत कधी वाटलेलं नव्हतं. थोड्या वेळानं रंग परत यायला लागले, पण एकदम नाहीत, एकेक करून: आधी निळे, मग पिवळे, मग हिरवे. लाल सगळ्यांत शेवटी आला. पलीकडच्या टेबलावरून प्रयोगशाळेतल्या केमिस्टनं, ज्याला सगळे चष्मा म्हणत, मान वर न करता विचारलं, "लागली का शेड, मास्तर?" "लागली," मास्तर म्हणाले आणि चिंधीच्या मागं सही केली. संध्याकाळी सबंध लॉट वाळून बाहेर आला तेव्हा तो विटकरी नव्हता. त्यात पिवळा इतका वर आलेला होता की दारातल्या पहारेकऱ्यालाही दिसला. चष्माही तिथं आला. तो कापड बघत नव्हताच, मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मग चेष्टेच्या सुरात पण चेष्टा न करता म्हणाला, "मास्तर, आज तुमचाच रंग उडालाय."

आता, त्या मंगळवारला सोळा दिवस होऊन गेल्यावर, मास्तर पोटाच्या डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी बायको, तिच्या मांडीवर लाल फाईल. फाईल तिनंच आणली होती, दुकानात दुसऱ्या रंगाची नव्हती म्हणून. समोरच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत फिकट हिरवा तेलरंग होता आणि वर पांढरा, आणि जिथं दोन्ही मिळत तिथं रंगाऱ्यानं फिकट हिरव्याच्या दोन वेगवेगळ्या डब्यांतला हात मारला होता. बाकावरच्या बाकी पाच माणसांना हे दिसत नव्हतं. मास्तरांना दुसरं काही दिसत नव्हतं. त्यांचा डोळाच तसा होता. दोन काळी कापडं त्यांच्या पुढ्यात टाकली तर कुठल्यात निळा जास्त आणि कुठल्यात तांबूस, हे ते चहाचा कप खाली न ठेवता सांगत. घरी बायकोनं उशांच्या दोन पांढऱ्या खोळी आणल्या की यातली एक धुवट आणि एक कोरी आहे, तुला दुकानदारानं बनवलं, हे ते दारातच सांगून तिचा विरस करत. गल्लीतली माणसं त्यांना शाळामास्तर समजत आणि मुलांच्या परीक्षेचं विचारत, तेव्हा ते गंभीरपणे म्हणत की आमच्याकडचे विद्यार्थी उकळून काढावे लागतात. असा माणूस. आणि आत डॉक्टरबाईंच्या टेबलावर दुर्बिणीनं काढलेले त्यांच्या आतड्याचे फोटो पडले होते, रंगीत.

चक्कर तशी जुनी होती. मंगळवारी तिनं फक्त मास्तरांच्या वर्मावर बोट ठेवलं. त्याआधी ती जिन्यात यायची, दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर. बुटाची नाडी बांधून सरळ होताना यायची. बसमध्ये उतरायला उठलं की यायची आणि आपला थांबा मागं गेला तरी दांडा सोडवत नसे. मास्तरांनी तिला एकेक नाव दिलं होतं. आधी ती वाफेची होती, कारण रंगखात्यात वाफ असतेच. मग चष्म्याच्या नंबराची झाली. मग मानेची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिला कानाची ठरवलं आणि पिवळ्या गोळ्या दिल्या, त्या मास्तरांनी दोन महिने इमानानं घेतल्या, आणि कान बिचारा निमूटपणे औषध खात राहिला. बायको म्हणायची, "अंगावर काढू नका हं." ते म्हणायचे, "अगं, चक्करच आहे. येते तशी जाते. तू पण संध्याकाळी चक्कर मारायला जातेस, मी तुला कधी विचारलं का?" या विनोदावर ती पहिल्यांदा हसली होती. नंतर हसली नाही, तेव्हा मास्तरांनी तो करायचा सोडून दिला. त्या मंगळवारी घरी येऊन त्यांनी चुकलेल्या लॉटचं सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली, हात पुसले आणि म्हणाली, "उद्या कान नको. रक्त तपासून घ्या." रक्तच का, हे तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तपासणीचा कागद आला तेव्हा कोपऱ्यावरचे डॉक्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. हिमोग्लोबिन साडेसहा, ते म्हणाले. निदान तेरा हवं. मग त्यांनी मास्तरांची खालची पापणी बोटानं ओढून आत पाहिलं, नखं पाहिली आणि एखादी वस्तू हरवल्यावर घरातलं माणूस विचारतं तसं विचारलं, "अहो, एवढं रक्त गेलं कुठं?" मास्तरांनी खांदे उडवले. मग डॉक्टरांची नजर चुकवून ते खिडकीबाहेर बघत बसले.

कारण रक्त कुठं गेलं ते त्यांना माहीत होतं. आता बाकावर बसून, समोरच्या दोन हिरव्यांच्या जोडावर नजर ठेवून ते स्वतःला हे सांगून बघत होते आणि शब्द पुढं सरकत नव्हते. रंगखात्याला पाणी फार लागतं. कापड रंगवून झालं की ते चारदा धुवायचं, आणि शेवटच्या धुण्याचं पाणी इतकं फिकट असतं की फेकून देताना जिवावर येतं. म्हणून मालकाच्या वडिलांनी फार पूर्वी ते पाणी एका टाकीत घेऊन कामगारांच्या संडासांना जोडून टाकलं होतं. ज्या दिवशी जो लॉट, त्या दिवशी संडासात तो रंग. नवा माणूस पहिल्या दिवशी घाबरून बाहेर यायचा आणि सगळे त्याची वाट बघत उभे असायचे. खाली कुठला रंग चाललाय हे यंत्रावर जाऊन बघायची गरज नसे. "कुठं जाऊन आलास?" "हिरवळीवर." निळा असला की आभाळात. पिवळ्याच्या दिवशी म्हणत की आज काही कळत नाही बुवा. आणि लाल असला की सगळा कारखाना मूळव्याधीचा. एकतीस वर्षं मास्तर सकाळी सव्वाआठला, पहिला चहा झाला की तिथं जात. शरीराला तीच सवय लागली होती, घरी त्यांना धड जमतच नसे. मागच्या वर्षी थंडी पडायला लागली होती तेव्हा एका सकाळी त्यांनी उठून खाली पाहिलं आणि लाल दिसला. त्या दिवशी यंत्रावर मरून रंगाचा लॉट होता. हे खरं होतं. ते हात धुऊन बाहेर आले आणि कुणीतरी विचारल्यावर म्हणाले, आपणही आज पेशंट. सगळे हसले, तेही हसले.

मग शाळांच्या गणवेशाची ऑर्डर आली. तीन आठवडे रात्रंदिवस गडद निळा. दुसरा एक चमचा रंग कारखान्यात उघडला नाही. हे दुसऱ्या कुणापेक्षाही मास्तरांना पक्कं माहीत होतं, कारण रंगांच्या कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. त्या तीन आठवड्यांतही सकाळी सव्वाआठला निळ्या पाण्यात लाल होता. तो निळ्यात मिसळून जांभळा होत नव्हता. धाग्यासारखा वेगळा राहत होता, मग हळूहळू तपकिरी होत तळाला बसत होता. असा लाल त्यांच्या कोठीत नव्हता, कुठल्याच कोठीत नव्हता. वीस फुटांवरून दोन लालांतला फरक सांगणारा माणूस कडी लावलेल्या त्या चार फुटांत वाकून उभा राहिला आणि मनाशी म्हणाला, कुणीतरी लाल बादली विसळली असेल. कुठली बादली? ते त्यांनी विचारलं नाही. नळ सोडला. आणि सरळ होताना भिंत एकदा करडी होऊन परत पांढरी झाली, तेव्हा हात टेकून उभं राहत ते म्हणाले, आज वाफ फार आहे. लाल खाली जात होता आणि डोक्यात अंधारी येत होती, दोन्ही एकाच दिवशी, एकाच दारामागं. या दोन चिंध्या शेजारी ठेवून बघायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं. सबंध आयुष्य ज्यानं दुसरं काही केलं नाही त्यानं.

रविवारचा प्रश्न होता. रविवारी कारखाना बंद आणि घरच्या संडासात पाणी स्वच्छ. तिथला दिवा हिवाळ्यातच गेला होता. मास्तरांना मंद उजेडाचा तिटकारा. स्वयंपाकघरातली दिव्याची नळी एकदा फडफडली की दुसऱ्या मिनिटाला ते स्टूल घेऊन उभे. हा दिवा मात्र त्यांनी बदलला नाही. आज बदलू, उद्या बदलू. अंधारात बसायचं, अंधारात पाणी ओतायचं, बाहेर यायचं. बायकोनंही दिव्यासाठी एकदाही तोंड वाजवलं नाही, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती आणि ती त्यांनी लक्षातच ठेवून दिली होती. आतल्या कपड्यांना डाग पडायला लागले तेव्हा ते स्वतःहून म्हणाले होते, "रंग लागलाय गं. वेगळं टाक." ती म्हणाली, "बरं." तिला काय नवल. लग्न झाल्यापासून ती रंग धूत आलेली. त्यांचे कामावरचे कपडे ती उकळत्या पाण्यात सोडा टाकून तासन्‌तास भिजवी, बडवी, उन्हात टाकी आणि डाग जागचा हलत नसे. पुढं तिनं नादच सोडला. मास्तरांना त्याचा गुपचूप अभिमान होता. आमचा रंग पक्का, ते म्हणत, कापड फाटेल पण रंग जाणार नाही. अलीकडे न्हाणीघरात कोपऱ्यात एक दुसरी, लहान बादली दिसायला लागली होती, वर ताटली झाकलेली. तीही त्यांनी पाहिली होती.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी दादाचं नाव घेतलं असतं. दादा, थोरला भाऊ, टपाल कचेरीत पार्सलं जोखायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या आतड्यात गाठ निघाली आणि पाच महिन्यांत तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्या पोटाला बाहेरून पिशवी लावलेली होती आणि तिच्यावर तो चादर ओढून घ्यायचा, मास्तर आले की जास्तच. एका दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "मला कळलं होतं रे. वर्षभर आधीच. पण बोललं की सुरू होतं. न बोललेलं बरेच दिवस थांबून राहतं." मास्तरांना त्याचा इतका संताप आला होता की ते उठून खिडकीशी गेले. वर्षभर, ते मनात म्हणाले, मूर्खासारखं वर्षभर. आणि तोच दादा आता रोज सव्वाआठला त्यांच्याबरोबर कडी लावून आत यायला लागला होता. संताप कुठं गेला ते कळलं नाही. राहिलं फक्त ते वाक्य, आणि ते वाक्य फार समंजस वाटायला लागलं होतं. मास्तर भित्रे होते, हे स्वच्छ सांगायला हवं. आपण दुसऱ्यांना त्रास नको म्हणून गप्प आहोत असं ते स्वतःला सांगत, पण तसं काही नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे बायकोला कळेल याची त्याहून जास्त.

नर्सनं दार उघडून मान हलवली. ते आत गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या, मुलीच्या वयाच्या. मागच्या वेळी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं? खोली फिरते, की अंधारी येते?" मास्तर म्हणाले होते, "रंग जातात." बाईंचं पेन थांबलं होतं आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं होतं. त्याच वेळी त्यांनी विचारलं होतं की शौचावाटे रक्त जातं का, आणि मास्तर म्हणाले होते, नाही. घरात कुणाला पोटाचं काही? नाही. बायको तेव्हा औषधाच्या रांगेत होती. आज ती खुर्ची पुढं ओढून बसली. बाईंनी फोटो त्यांच्याकडे फिरवला. त्यात ओला, गुलाबी बोगदा होता आणि एका बाजूनं त्यात काहीतरी वर आलेलं, खडबडीत, मध्ये खोल लाल. तो लाल मास्तरांनी ओळखला. पेटीची गरज नव्हती.

"कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द मऊ केला नाही, आणि मास्तरांना त्याबद्दल त्या बऱ्या वाटल्या. "चक्कर येत होती ती यानंच. ही गाठ थोडं थोडं रक्त सोडत असते. रोज चमचाभर, दोन चमचे. शरीर ते भरून काढतं, काढतं, आणि मग त्याला पुरं पडत नाही. रक्त कमी झालं की डोक्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही. उठलात की सगळ्यात आधी तिथं कमी पडतो. कान, मान यांचा काही संबंध नव्हता. आधी बाहेरून रक्त देऊ, मग पोटाचा आणखी एक फोटो, ती कुठवर गेलीय ते बघायला. मग ऑपरेशन."

"पिशवी?" मास्तरांनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. लागलीच तर कदाचित थोडे दिवस." त्या थांबल्या. फोटोवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. "एक परत विचारते. ही गाठ डाव्या बाजूला, खाली आहे. वरच्या गाठीचं रक्त पुष्कळदा दिसत नाही. इथलं बहुतेक वेळा दिसतं. मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात. पुढच्या फोटोत काय ते कळेलच, तरी मला खरं हवंय. रक्त कधीपासून जातंय?"

मास्तरांच्या मनात हा प्रश्न मागच्या वेळेपासून उभा होता आणि त्याला द्यायची उत्तरं त्यांनी शेजारी शेजारी लावून ठेवली होती, फिकटापासून गडदापर्यंत. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. तिनं सबंध जन्म त्यांच्या शब्दावर काढला होता. ते रंग म्हणाले, तिनं रंग ऐकला. आता इथं, परक्या बाईसमोर, तिला कळणार की या माणसानं डोळ्यांदेखत आठ महिने घालवले. आणि ते आठ महिने तिचेही होते. "असेल," ते म्हणाले, "तीनेक आठवडे झाले असतील."

"आठ महिने," बायको म्हणाली.

खोलीत पंखा होता, त्याचा आवाज ऐकू यायला लागला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. बायको फाईलच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती, खालीच बघत. "आणि यांचे थोरले भाऊ यातच गेले," ती म्हणाली. "तेही लिहा."

"तुला कसं..." मास्तर म्हणाले. "मी तर तुला रंग म्हणून..."

"रंग गार पाण्यानं निघतो का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. घरी एखादं काम कसं करतात ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुमचा रंग उकळून निघाला नाही कधी. हा गार पाण्यात टाकला, मीठ टाकलं, की अर्ध्या तासात पाणी लाल आणि कापड स्वच्छ. बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं फाईल मांडीवर सरळ केली. डॉक्टरबाई काही लिहीत नव्हत्या. "तुम्ही रंग म्हणत होतात," ती म्हणाली, "तोवर तो रंग होता. मी बोलले असते तर त्याचं रक्त झालं असतं." मग तिचा चेहरा वाकडा झाला, आणि तिनं तो झाकला नाही. "मला वाटायचं, आज तुम्ही बोलाल. रोज ती बादली पुढं ठेवायचे, तुम्हाला दिसेल अशी. तुम्ही बघायचात आणि अंघोळ करून जायचात. मग मीही दिवा लावला नाही."

मास्तरांना वाटलं होतं की ते तिथं आत एकटेच होते, फार तर दादा. आठ महिने दाराबाहेर ती उभी होती, ताटली झाकलेली बादली घेऊन, आणि दोघांनी मिळून एक कच्चा लाल पक्का म्हणून खपवला होता. त्यांनी रागावून पाहिलं, पण राग कुणाचा धरायचा ते ठरेना. आणि लाज वाटावी इतकं त्यांना बरंही वाटत होतं. बाईंनी तीन आठवडे खोडून आठ महिने लिहिलं, खाली भावाचं लिहिलं, उद्या सकाळी रिकाम्या पोटी यायला सांगितलं. कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीशी, तेही सांगितलं. बायको एकेक ऐकून मान हलवत होती, जणू तिला बाजाराची यादी मिळत होती.

मग मास्तर उठले. सवयीनं, झटकन उठले, आणि खोली कडेकडेनं जायला लागली. आधी फोटोतला गुलाबी गेला, मग पडदा, मग बायकोच्या साडीचा निळा. पंखा लांब गेला. त्यांनी खुर्चीची पाठ धरायला हात पुढं केला तर तिथं तिचं मनगट होतं. तिनं दुसऱ्या हातानं फाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, अगदी जवळ.

"ही कुठल्या रंगाची दिसतेय?" तिनं विचारलं.

फाईल लाल आहे हे त्यांना माहीत होतं. ती आणल्या दिवशी तिच्यात पिवळा जास्त पडलाय असंही ते म्हणाले होते. लाल म्हटलं असतं तर तिला कळण्याचं कारण नव्हतं, आणि तोंडात तो शब्द आलाही होता.

"करडी," मास्तर म्हणाले.

"थांबू मग," ती म्हणाली. आणि ती दोघं तिथं तशीच उभी राहिली, लाल परत येईपर्यंत.